फोटोखालची ओळ

(द्वितीय वर्ष, कला)

मागच्या वर्षी पक्षी सप्ताहात आपल्या महाविद्यालयात छायाचित्रांचे प्रदर्शन भरले होते. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. या दोन दिवसांमधला आठवडा २०२० पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या प्रदर्शनात माझ्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. फोटोत एक छोटे घुबड मान वळवून सरळ बघणाऱ्याच्या डोळ्यांत बघत होते. खाली ओळ होती : ‘रानपिंगळा, यावल अभयारण्य’.

मित्रहो, ती ओळ खोटी होती. फोटोतला पक्षी साधा पिंगळा होता आणि तो आमच्या शेतातल्या विहिरीवरच्या निंबावर बसलेला होता. आमचे गाव यावल तालुक्यातले, म्हणून ‘यावल’ एवढा एक शब्द तेवढा खरा होता!

ही कबुली मी वार्षिकांकात का देतो आहे, असे कोणी विचारील. सरांच्या खोलीत जाऊन सांगितले असते तरी चालले असते, आणि तसे मी सांगितलेही आहे. पण खोटे शंभर लोकांसमोर सांगायचे आणि खरे एकाच्या कानात, हा न्याय नव्हे. शिवाय गेल्या वर्षभरात या विषयाचे जे वाचले त्यावरून माझे एक मत बनले आहे. पाखराच्या फोटोची खरी किंमत त्याच्या खालच्या ओळीत असते. ती ओळ खरी असेल तर धूसर फोटोही मोलाचा, आणि ती खोटी असेल तर सुंदरातला सुंदर फोटोही घातक. हे मत पटवून देण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी खोटे कसे घडले ते सांगतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. बापाची दोन एकर कोरडवाहू कपाशी. मायला अक्षरओळख नाही. कॅमेरा माझा नव्हता. माझा मावसभाऊ लग्नाचे फोटो काढतो, त्याच्याकडून दोन दिवसांसाठी मागून आणला होता. विहिरीवरचा पिंगळा लहानपणापासून ओळखीचा. संध्याकाळ झाली की ढोलीतून बाहेर येऊन मान खालीवर करीत बसायचा. फोटो चांगला निघाला. पण प्रवेशपत्रिकेवर ‘पक्ष्याचे नाव’ आणि ‘ठिकाण’ असे दोन रकाने होते आणि तिथे माझा हात अडला. विहिरीवरच्या पिंगळ्याला कोण बक्षीस देणार? रानपिंगळा दुर्मिळ असतो एवढे मी ऐकले होते. पिंगळ्याच्या आधी ‘रान’ ही दोन अक्षरे लिहायला किती वेळ लागतो!

बक्षीस मिळाले, टाळ्या झाल्या. पाचशे एक रुपये परीक्षेच्या फॉर्मला कामी आले. प्रमाणपत्र चौकटीत बसवून मायने घरात देवांच्या तसबिरींशेजारी लावले.

वसतिगृहात माझ्या खोलीत पालकडचा एक मित्र राहतो. तो पावरा समाजाचा आहे, सातपुड्यातल्या पाड्यावर वाढलेला. त्याने फोटो पाहिला आणि म्हणाला, “भो, हा तुमच्या गावातला पिंगळा आहे. आमच्या रानातल्याच्या डोक्यावर एवढे ठिपके नसतात.” मी घाबरून विचारले, कोणाला सांगशील का? तो म्हणाला, “मी कशाला सांगू? फोटो तुझा आहे.” एवढे बोलून तो अभ्यासाला बसला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

त्याचे म्हणणे बरोबर होते. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी असते, छाती गडद तपकिरी, पोट पांढरे, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे, आणि पाय चांगले दणकट. शिवाय तो दिवसाढवळ्या, उघड्या फांदीवर बसून शिकार करतो. याच रानात अंगभर बारीक आडव्या रेघा असलेला जंगली पिंगळाही असतो. तिघे सारख्याच अंगाचे. अंधारात एकमेकांचे भाऊ वाटतील.

मग मी ग्रंथालयात बसून रानपिंगळ्याची हकिकत वाचली, आणि वाचता वाचता कान लाल झाले. कारण या पक्ष्याच्या इतिहासात माझ्यासारखाच एक खोटी ओळ लिहिणारा होऊन गेला आहे.

१८७२ साली ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला मध्य भारतात हा पक्षी मिळाला. पुढच्या वर्षी अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि ब्लेविटचे नाव त्याला दिले. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहेच. त्यानंतर खानदेशात नोकरीला असलेले जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा-तळोदा भागातून आणखी काही पक्षी मिळवले. शेवटचा १८८४ सालचा. त्या काळी पक्षी मिळवणे म्हणजे गोळी घालून मारणे, भुसा भरणे आणि पायाला चिठ्ठी बांधणे. चिठ्ठीवर तारीख, गाव आणि मिळवणाऱ्याचे नाव. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून रानपिंगळ्याचे असे सातच अस्सल नमुने. त्यानंतर हा पक्षी कोणाला दिसला नाही.

कोणाला म्हणजे एकाला सोडून. कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या नामांकित इंग्रज गृहस्थाने आपल्या संग्रहात एक रानपिंगळा ठेवला होता. चिठ्ठीवर लिहिले होते : मांडवी, १९१४. हे मांडवी गुजरातेत, आपल्याच तापीच्या काठी. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? त्या चिठ्ठीवर विश्वासून पुढच्या शोधकांनी मांडवीकडचे रान पालथे घातले. पक्षी मिळाला नाही. मिळणार कसा? तो पक्षी मांडवीचा नव्हताच. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना बारकाईने तपासला तेव्हा कळले, की तो डेव्हिडसनने खानदेशात मिळवलेल्यांपैकीच एक होता. संग्रहालयातून चोरलेला, भुसा बदललेला आणि नवी चिठ्ठी बांधलेला.

खोटी चिठ्ठी बाजूला पडली तेव्हा खरी वाट मोकळी झाली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे तिघे अस्सल चिठ्ठ्यांवरच्या जागा शोधत शोधत नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ आले. २५ नोव्हेंबरच्या सकाळी एका उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! शहादा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. नंदुरबार जिल्हा पुढच्या वर्षी, १९९८ मध्ये, वेगळा झाला. ज्याला जग संपला म्हणत होते, तो आपल्या जिल्ह्यात लाकूडफाटा आणणाऱ्या बायकांच्या डोक्यावरच्या फांदीवर बसलेला होता.

यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. या वेळी कोणी बंदूक उचलली नाही. व्हिडिओ आणि फोटो घेतले, तेवढ्यावर जगाने विश्वास ठेवला. डेव्हिडसनच्या काळी जे काम मेलेल्या पाखराने केले, ते १९९७ मध्ये फोटोने केले. म्हणजे फोटो हा आज नमुना आहे आणि त्याखालची ओळ ही त्याच्या पायाची चिठ्ठी. ती बदलणारा माणूस माइनर्ट्‌झहागनचा धाकटा भाऊ. मी तो झालो होतो.

आपण खानदेशातले विद्यार्थी. हा धडा आपल्याला इंग्रजांकडून शिकण्याची खरे तर गरज नव्हती. इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरचे कागद गोळा करून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ हे २२ खंड छापले. त्यांचा आग्रह एकच, अस्सल कागदाशिवाय इतिहास नाही. १९२६ साली धुळ्यातच त्यांचा देह ठेवला गेला आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. बनावट सनद इतिहासाचे जे करते, तेच बनावट फोटो निसर्गाच्या इतिहासाचे करतो. आणि आज तर बनावट चित्र तयार करायला कॅमेराही लागत नाही. संगणकाला सांगितले की तो हवा तो पक्षी हव्या त्या फांदीवर बसवून देतो. अशा काळात फोटो काढणाऱ्याचा शब्दच काय तो उरला.

कोणी म्हणेल, एवढा गहजब कशाला? विद्यार्थ्याने हौसेने नाव बदलले, पिंगळ्याचे काय बिघडले? मीही स्वतःला हेच सांगत होतो. पण माझा फोटो मोबाइलवरून कुठल्या कुठे गेला. एक दिवस पुण्याहून दोन पक्षिनिरीक्षकांचा फोन आला. जागा कुठली, झाड कुठले, वेळ कुठली, असे आदराने विचारत होते. मी काहीतरी मोघम सांगितले. ते बिचारे रजा काढून आले, दोन दिवस फिरले आणि परत गेले. जाताना त्यांनी मला आभाराचा फोन केला. मांडवीच्या रानात फिरलेल्या माणसांची हकिकत वाचताना मला हे दोघे आठवले.

याहून मोठा धोका पुढे आहे. रानपिंगळ्याला सागाचे, उघडे, कोरडे पानगळीचे रान लागते, जुनी ढोलीची झाडे लागतात. शहाद्यानंतर तो मेळघाटात, यावलला, ठाणे जिल्ह्यातल्या तानसाच्या रानातही नोंदला गेला. म्हणून २०१८ मध्ये जागतिक यादीत त्याची जागा ‘अतिसंकटग्रस्त’ वरून ‘संकटग्रस्त’ अशी एक पायरी सुधारली. या याद्या नोंदींवरच बनतात. उद्या माझ्यासारख्या दहा जणांनी विहिरीवरचे, शेतातले पिंगळे रानपिंगळे म्हणून नोंदवले, तर कागदावर असे दिसेल की हा पक्षी कपाशीच्या शेतातही सुखाने राहतो. मग सागाचे रान तुटले तरी कोणाला काळजी वाटायचे कारण काय? ज्याचा फोटो काढून मी टाळ्या मिळवल्या, त्याच्याच नावाच्या भावाचे घर माझी ओळ मोडू शकते.

फोटोखाली ठिकाण का हवे, याचे आणखी एक उदाहरण देतो. आपली साळुंकी घ्या. वसतिगृहाच्या खिडकीत येते, भाकरीचा तुकडा पळवते, कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही. हीच साळुंकी १७६२ मध्ये टोळ खाण्यासाठी मॉरिशस बेटावर नेली गेली. १८६० नंतर किडे खाण्यासाठी ऑस्ट्रेलियात नेली. तिथे ती इतकी फैलावली, की तिथल्या मूळच्या पाखरांच्या ढोल्या बळकावते म्हणून लोक तिच्यावर चिडलेले असतात. पक्षी तोच, पिसे तीच, चोच तीच. एका ठिकाणी ती घरची लेक, दुसऱ्या ठिकाणी घुसखोर. ठिकाण पुसले तर फोटो काय सांगणार?

याच्या उलटही घडते. आपल्याच प्रदर्शनात गुलमोहरावर बसलेल्या हिरव्या-पिवळ्या इवल्याशा पोपटाचा फोटो ‘आपल्या परिसरातील पक्षी’ म्हणून लागला होता. बाजारात ज्याला लव्हबर्ड म्हणून विकतात तो हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कोणाच्या तरी पिंजऱ्यातून सुटलेला. फोटो काढणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. खाली ‘पिंजऱ्यातून सुटलेला असावा’ एवढे चार शब्द असते, तर तोच फोटो आपल्याला काही शिकवून गेला असता.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ठिकाण लिहा, लिहा म्हणतो खरे, पण घरट्याचे ठिकाण चारचौघांत सांगणे हेही पाप आहे. दुर्मिळ पाखराच्या झाडाचा पत्ता मोबाइलवर फिरला, की रविवारी झाडाखाली जत्रा भरते. कोणी फांद्या वाकवतो, कोणी रात्री डोळ्यांवर लखलखाट करतो, कोणी मोबाइलवर नराचा आवाज लावून पाखराला बाहेर काढतो. ते बिचारे दुसरा नर आला समजून अंडी सोडून भांडायला येते. घुबडाच्या बाबतीत तर वैरी आणखी आहेत. आपल्याकडे त्याला अपशकुनी मानतात, करणी-धरणीसाठी मारतात. पहाटे दारावर येणाऱ्या पिंगळ्याला आपण पसाभर धान्य देतो आणि ज्या पाखराची भाषा त्याला कळते असे मानतो, त्या पाखराला मात्र दगड मारतो! म्हणून माझे म्हणणे असे : पुरे ठिकाण आपल्या वहीत लिहावे आणि वनखात्याला व अभ्यास करणाऱ्यांना सांगावे. भिंतीवर लावताना तालुक्याचे नाव पुरे. पण जे लिहू ते खरे लिहू. कमी सांगणे आणि खोटे सांगणे यांत फरक आहे.

आणखी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. प्रदर्शनात भाग घेणारे आम्ही अकरा जण होतो. वर्गातल्या बाकीच्यांकडे कॅमेरा नाही. माझ्या पालकडच्या मित्राकडेही नाही. आम्हा अकरा जणांत मिळून जेवढे ज्ञान नव्हते, तेवढे त्याच्या एकट्याच्या डोळ्यांत होते. पण त्या प्रदर्शनात त्याला जागा नव्हती. ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला लाभले आहे, त्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. तरी सुगरणीचा खोपा त्यांनी असा पाहिला, की आजही खोपा दिसला म्हणजे आपल्याला त्यांचेच गाणे आठवते. पाहणे आधी, कॅमेरा नंतर. कॅमेरा पैशाने येतो, पाहणे सवयीने येते. आम्ही उलट केले. आधी कॅमेरा मागून आणला आणि पाहायचे राहूनच गेले.

गेल्या फेब्रुवारीत मी त्या मित्राबरोबर त्याच्या पाड्यावर गेलो. पालला रीतसर परवानगी काढून तीन सकाळी रानात फिरलो. सर्पगरुड दिसला, नीलपंख दिसला, कोतवाल तर पावलोपावली. रानपिंगळा दिसला नाही. मित्र म्हणाला, “वहीत काय लिहिणार?” मी लिहिले : ‘तीन दिवस, सकाळी साडेसहा ते दहा. रानपिंगळा दिसला नाही.’ माझ्या हातून पाखरांविषयी लिहिली गेलेली ती पहिली खरी ओळ. न दिसणे हीदेखील नोंद असते, हे मला त्या दिवशी कळले.

म्हणून प्राध्यापक मंडळींना आणि मित्रांना माझ्या काही सूचना आहेत. पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक फोटोखाली तारीख, वेळ, तालुका आणि फोटो कसा काढला हे लिहिणे सक्तीचे करावे. नाव नक्की नसेल तर ‘नक्की नाही’ असे लिहायला मोकळीक असावी आणि त्याचे गुण कापू नयेत. घरट्यांचे आणि आवाज लावून बोलावलेल्या पाखरांचे फोटो स्वीकारू नयेत. ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांच्या वह्या आणि चित्रे त्याच भिंतीवर, तेवढ्याच मानाने लावावीत. आणि ग्रंथालयात पाखरांची एक नोंदवही ठेवावी. सुट्टीत गावी गेलेल्या प्रत्येकाने परत आल्यावर त्यात चार ओळी लिहाव्यात. कोणी मेहरूणच्या तलावावरचे लिहील, कोणी हतनूरच्या धरणावरच्या चक्रवाकांचे, कोणी धुळ्याच्या लळिंग कुरणातले, कोणी आपल्या विहिरीवरच्या पिंगळ्याचे. डेव्हिडसनच्या चार खऱ्या चिठ्ठ्यांनी सव्वाशे वर्षांनंतर... नव्हे, बरोबर लिहितो, ११३ वर्षांनंतर एका पाखराचा पत्ता सांगितला. आपल्या वहीतली कोणती ओळ कोणाच्या कामी येईल, आज कोण सांगणार?

शेवटी प्रमाणपत्राविषयी. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा मायला सगळे सांगितले. तिला दोन पिंगळ्यांतला फरक समजावून सांगताना मीच अडखळलो. तिने भिंतीवरच्या चौकटीकडे पाहिले आणि विचारले, “मंग ह्याच्यावर खोटं लिहेल शे का?” मी हो म्हणालो. ती उठली, पदराने काच पुसली, चौकट काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “सरले वापस दे.”

प्रमाणपत्र आणि पाचशे एक रुपये मी सरांकडे जमा केले आहेत. फोटो मात्र ठेवला आहे. त्याच्या मागे आता नवी ओळ लिहिली आहे : ‘पिंगळा. आमच्या विहिरीवरचा निंब, तालुका यावल. संध्याकाळ.’ तारीख लिहायला गेलो तेव्हा लक्षात आले, की ती त्या वेळी टिपून ठेवायचीच राहिली होती. तेवढी जागा मी कोरी सोडली आहे.